भांग कुठला, आणि ओल्या कोळंबीला ‘सुकतीची’ का म्हणतात?

प्रश्न नेरूळहून आला आहे. विचारणारे मूळचे सोलापूरचे, खाडीकाठी राहायला येऊन फार काळ झालेला नाही. दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात मासळी घ्यायला गेले, तर कोळीण म्हणाली, “दादा, आज भांग हाय, म्हावरा कमी आयलाय.” मग पुढ्यातल्या कोळंबीच्या वाट्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ही घ्या, सुकतीची हाय.” कोळंबी तर ओलीकंच, मिशा अजून हलत होत्या. घरी आल्यावर मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘भांगाची भरती’ दिसली आणि गोंधळ वाढला. त्यांचं विचारणं असं: हा भांग डोक्यावरचा, होळीचा की तिसराच कुठला? आणि ताजी कोळंबी ‘सुकतीची’ कशी?

भांग तिसराच आहे, आणि पुस्तकातला व बाजारातला एकच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राचं पाणी सर्वांत उंच चढतं आणि सर्वांत खाली उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ही चढउतार अगदी थोडी होते, तो भांग. उधाण महिन्यातून दोनदा, भांगही दोनदा. भरती-ओहोटी मात्र रोजची, दिवसातून दोन वेळा. म्हणजे भांगातही भरती येतेच, फक्त तिच्यात जोर नसतो.

होळीची भांग इथे नाही याचा पुरावा व्याकरणातच आहे, कोश उघडायचीही गरज नाही. पिण्याची भांग स्त्रीलिंगी: ती भांग, भांगेची गोळी, भांगेच्या नशेत. भरतीचा भांग पुल्लिंगी: तो भांग, भांगाची भरती, भांगाचं पाणी, भांगाचे दिवस. सामान्यरूपातला तो एक काना सगळा उलगडा करतो. डोक्यावरचा भांगही पुल्लिंगीच, ‘भांगात कुंकू’. त्यामुळे या दोघांचं नातं असेल का, असा विचार करायला जागा आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

आता कोळिणीचं वाक्य. ‘भांग आहे म्हणून मासळी कमी’ हे गिऱ्हाइकाला सांगायचं निमित्त नाही, त्यामागे सरळ कारण आहे. मुंबई बंदरात उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. भांगात तोच फरक दीड मीटरच्या आसपास येतो. पाणी चढायला-उतरायला मिळणारा वेळ दोन्ही वेळी तेवढाच, सहा तास. तेवढ्याच वेळात निम्म्याहून कमी पाणी खाडीतून ये-जा करणार, म्हणजे धार मंद असणार. आणि खाडीतली बरीच मासेमारी या धारेवरच चालते. डोल किंवा बोक्षी हे पिशवीसारखं जाळं. खुंटांना बांधून त्याचं तोंड धारेच्या समोर धरायचं, बाकीचं काम पाणी करतं. धार जोरात असली की पिशवी फुगते, आणि कोळंबी, जवळा, मांदेली पाण्याबरोबर ओढले जाऊन शेपटाकडे साठतात. धार नसली की जाळं लोंबतं. भांगाच्या दिवसांत बोक्षीवाला होडी काढून फार काही मिळवत नाही; जाळी शिवणं, होडीची डागडुजी ही कामं तेव्हा निघतात.

सगळ्याच मासळीला हे लागू नाही, आणि शब्दाच्या अर्थाला हा भाग महत्त्वाचा आहे. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाचे मणी लावलेलं. त्याला धारेची गरज नाही, फेकणाऱ्याच्या मनगटाची आहे. बोय नावाची मासळी त्यात सापडते. चिंबोरी म्हणजे खेकडा, त्याच्यासाठी फग लावतात: एक कडं, त्याला जाळी, मध्ये आमिष बांधलेलं, पाण्यात सोडायचा आणि थोड्या वेळानं उचलायचा. चिखलात हात घालून निवट्या, म्हणजे चिखलातले बुळबुळीत मासे, धरणारे तर जाळंही वापरत नाहीत. तेव्हा “भांग हाय, म्हावरा कमी” याचा नेमका अर्थ असा की धारेवर मिळणारं बारीक म्हावरं कमी आहे. त्या दिवशी बाजारात बोय आणि चिंबोरी दिसू शकते. जुनी गिऱ्हाइकं भांग ऐकून परत फिरत नाहीत, वेगळं काहीतरी मागतात.

भरती केव्हा, हे ओळखण्याची एक युक्ती कोकण किनाऱ्यावर सगळीकडे चालते. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन: पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, आणि त्याच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा: सकाळ-संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पंधरवडा शुद्ध की वद्य, याला महत्त्व नाही. उत्तर अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि खाडीत आत ठाण्याकडे जावं तसं पाणी जरा उशिरानं पोचतं. पण होडी ढकलायला तेवढा अंदाज पुरतो. यातलं शास्त्र असं की चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबाला सोयीचा आकडा. भांग अष्टमीला बरोबर सुरू होऊन अष्टमीलाच संपतो असंही नाही. चंद्राच्या मागून समुद्र एक-दोन दिवस उशिरानं चालतो, म्हणून दशमी-एकादशीपर्यंत ‘भांग हाय’ ऐकू येतं.

व्युत्पत्तीबद्दल. संस्कृत ‘भङ्ग’ म्हणजे मोडणं, तुटणं, खंड पडणं. केसांचा भांग म्हणजे केसांना मधून पाडलेला खंड, आणि दोन उधाणांच्या मधला पाण्याच्या जोरातला खंड म्हणजे भरतीचा भांग, अशी मांडणी मला पटते. लिंगही जुळतं, अर्थही जुळतो. यात मोह पाडणारी एक आडवाट आहे. अमरकोशात लाटेसाठी ‘भङ्ग’ हाही शब्द दिला आहे, ‘भङ्गस्तरङ्ग ऊर्मिर्वा’. समुद्राचा शब्द आणि समुद्राचाच अर्थ, म्हणून तिकडे धावावंसं वाटतं. पण लाटेवरून नाव पडायचं तर ते उधाणाला पडायला हवं होतं. पाणी थंडावलेल्या दिवसांना लाटेचं नाव कोण देईल? मी तरी ‘खंड’ याच अर्थाच्या बाजूनं.

आता ‘सुकती’. हा शब्द ओहोटीचाच दुसरा पर्याय. कोकणात ‘भरती-सुकती’ अशी जोडी बोलली जाते. पाणी भरतं ती भरती, ओहटतं ती ओहोटी, आणि पाणी उतरून खालचा चिखल उघडा पडतो, खाडी सुकते, ती सुकती. तिन्ही नावं सरळ क्रियापदांवरून आलेली. ठाण्याच्या खाडीसारख्या उथळ जागी सुकती हे नाव ओहोटीपेक्षा जास्त चपखल बसतं, कारण इथे पाणी नुसतं मागे जात नाही, तिवरांच्या मुळांपर्यंतचा तळच उघडा पडतो. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथे थव्यांनी चरताना दिसतात ते याच चिखलावर. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. अभयारण्याच्या फलकांवर ‘ओहोटी’ लिहा की ‘सुकती’, पक्ष्यांना फरक पडत नाही. काठच्या कोळी-आगरी गावांतली माणसं मात्र ‘सुकती’ लगेच ओळखतील.

तेव्हा ‘सुकतीची कोलबी’ म्हणजे ओहोटीच्या धारेला लावलेल्या जाळ्यात आलेली कोळंबी. सुकवलेलीशी तिचा काही संबंध नाही. सुकवलेल्या मासळीची नावं वेगळी आहेत, सुकट, सोडे, सुका जवळा, सुके बोंबील. कोळीण एका शब्दात तुम्हाला वेळ सांगत होती: सकाळची सुकती किती वाजता होती ते काढा, म्हणजे कोळंबी जाळ्यातून निघून किती तास झाले ते कळेल. ताजेपणाची याहून चांगली चिठ्ठी बर्फाच्या पेटीवर कुणी लावत नाही.

अशा कोळंबीला घरी काम जास्त पडतं, तेही सांगायला हवं. धारेनं जे जे आणलं ते सगळं जाळ्याच्या शेपटात एकत्र येतं: मोठी कोळंबी, बोटाच्या पेराएवढी करंदी, मधूनच मांदेली, एखादं चिंबोरीचं पिल्लू, तिवराची पानं. म्हणून आधी निवडायचं. ‘निवडणं’ हे क्रियापद शहरात तांदूळ आणि पालेभाजीपुरतं उरलंय, कोळीवाड्यात मासळीही निवडतात. होडी लागली की निवडणं आणि वाटे करणं हे मुख्यत्वे बायकांचं काम. प्रत्येक मासळीचं पुढचं क्रियापद वेगळं: कोळंबी सोलतात आणि तिच्या पाठीतला काळा धागा काढतात, बोयीची खवलं काढतात, चिंबोरी तोडतात. चिंबोरीच्या नांग्या वेगळ्या, पेंदा वेगळा, आणि बारीक पाय पाट्यावर वाटून त्याचं गाळलेलं पाणी कालवणात. हे पाणी टाकून देणाऱ्याला चिंबोरी आणायचा अधिकार नाही, असं माझं मत. निवट्यांना मीठ चोळून बुळबुळ जाईपर्यंत धुवावं लागतं. या सगळ्याला ‘साफ करणं’ हा एकच शब्द हल्ली चालतो. विक्रेत्याला “साफ करून द्या” म्हटलं की काम भागतं खरं, पण सोलायचं, खवलायचं की तोडायचं हे त्यातून निसटतं.

जाता जाता: ‘कालवण’ आणि ‘कालवं’ हे शब्द एकाच मुळाचे नव्हेत. कालवण हे ‘कालवणं’ म्हणजे मिसळणं यावरून, आणि कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. कालवांचं कालवण करता येतं, आणि ते फार चांगलं लागतं, एवढाच त्यांचा संबंध.

या निमित्तानं उधाणाबद्दल थोडी कुरकुर. वर्तमानपत्रांनी हा शब्द उचलला आणि त्याचं काहीही केलं. चर्चेला उधाण, अफवांना उधाण, खरेदीला उधाण. लाक्षणिक वापर भाषेत चालायचाच, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती ‘वादळामुळे समुद्राला उधाण’ अशा मथळ्याला. वादळानं समुद्र खवळतो. उधाण तिथीनं येतं, ते पंचांगात आधीच दिसतं. पावसाळ्यात पालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महिने आधी जाहीर करते, कारण त्या मोजून काढता येतात. नेरूळकरांनी तर हा फरक आवर्जून जपावा. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणूनच सिडकोनं धारण तलाव बांधले: भरतीला त्यांची झडप मिटते, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि सुकतीला खाडीत जातं. मुसळधार पाऊस भांगात पडला तर निभावतं, उधाणात पडला तर रस्त्यावर गुडघाभर पाणी. उधाण मथळ्यात बसलं आणि भांगाला कुणी विचारलं नाही, हा अन्यायच म्हणायचा. ‘बाजाराला भांग’ किंवा ‘उत्साहाला भांग’ असं कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही, आणि लिहिलंच तर वाचणारे होळीची भांग समजतील.

लिहिण्याबद्दल शेवटचं. ‘भांगाची भरती’ हे रूप बरोबर, तेच पुस्तकातही आहे. बोलताना ‘भांगाचं पाणी’ म्हणा. कोळिणीच्या बोलीत ळ चा ल होतो आणि ड चा र, म्हणून तिच्या तोंडी कोळंबीची कोलबी आणि होडीची होरी ऐकू येईल. ती चूक नव्हे, तिच्या बोलीचा तो नियम आहे. पुढच्या वेळी कोळंबी घेताना “मावशी, भरतीची की सुकतीची?” एवढं विचारा. भांग असेल तर बोय आहे का तेही विचारून घ्या.