वाचकांचे प्रश्न : नोंद पुसली, फोटो कुठे गेले?

प्रश्न : गणपतीत मुंबईचे सगळे चाकरमानी घरी आलेले असताना कॅमेऱ्याने काढलेले साडेचारशे फोटो भाच्याच्या हातून मेमरी कार्डावरून पुसले गेले. हे फोटो लॅपटॉपवर उतरवायला बराच वेळ लागला असता. पुसले मात्र क्षणात गेले. ते कायमचेच गेले का? कार्ड 32 जीबीचे आहे. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : पुसायला वेळ लागला नाही, कारण फोटोंना हातच लागलेला नाही, गेली ती त्यांची नोंद. सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून सड्यावरची कलमे त्याच दिवशी कोणी उपटून टाकत नाही, तसेच हे आहे.

32 जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा फॅट32 ही फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची नोंद ठेवण्याची पद्धत, असते. ती कार्डावरची जागा सारख्या आकाराच्या तुकड्यांत वाटते. या तुकड्याला क्लस्टर म्हणतात. क्लस्टर 32 केबीचा धरला, तर 4 एमबीच्या एका फोटोला असे 128 तुकडे लागतात. फोल्डरमध्ये फोटोच्या नावापुढे त्याचा आकार, तारीख आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक एवढेच लिहिलेले असते. पुढचे 127 कुठे आहेत, हे फाइल अलोकेशन टेबल नावाच्या तक्त्यात पाहावे लागते: पहिल्याच्या रकान्यात दुसऱ्याचा क्रमांक, दुसऱ्याच्या रकान्यात तिसऱ्याचा, आणि शेवटच्याच्या रकान्यात साखळी संपल्याची खूण. हे तुकडे लागून असतीलच असे नाही. आपल्याकडे नाही का, भाताचे खाचर एका वाडीत, कलमे सड्यावर आणि माड खाली किनाऱ्याला, तरी खातेदार एकच असतो!

आता पुसताना काय होते ते पाहा. फोल्डरमधल्या नोंदीत नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी 229 या अंकाची खूण पडते आणि तक्त्यातल्या त्या साखळीचे रकाने शून्य होतात, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणालाही द्यायला मोकळी होते. खुद्द फोटोचे बाइट जिथल्या तिथेच राहतात. (डॉसच्या काळात ज्यांनी अनडिलीट ही आज्ञा वापरली असेल, त्यांना आठवेल की ती फाइलच्या नावाचे पहिले अक्षर आपल्यालाच विचारत असे. ते अक्षर या खुणेखाली गेलेले असे.) पहिल्या क्लस्टरचा क्रमांक आणि आकार सहसा शिल्लक असल्यामुळे, फोटो सलग जागेत असेल तर तो पूर्ण परत मिळतो, विखुरलेला असेल तर साखळी तुटल्यामुळे बहुधा अर्धाच मिळतो. रिकाम्या कार्डावर एकामागोमाग काढलेले फोटो बव्हंशी सलगच बसतात, त्यामुळे आपल्याला आशा आहे.

मात्र त्या कार्डावर यापुढे एकही फोटो काढू नका आणि ते फॉरमॅट करू नका. फाइली परत मिळवून देणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवा आणि सापडलेले फोटो लॅपटॉपवरच साठवा, त्याच कार्डावर नको. लॅपटॉपमधल्या एसएसडीवरून, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवरून, काही पुसले गेले असते, तर इतके आश्वासक उत्तर देता आले नसते, कारण तिथे ट्रिम या आज्ञेने मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवली जाते आणि ती लवकरच खरोखर साफ होते.

प्रश्न : जत्रेतल्या दशावताराचे रात्रभराचे चित्रीकरण 6 जीबीच्या एका फाइलीत आहे. पेनड्राइव्हवर 28 जीबी मोकळे असूनही ‘फाइल खूप मोठी आहे’ असा संदेश येतो. (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आपला पेनड्राइव्हही फॅट32चाच असणार. त्या पद्धतीच्या नोंदीत फाइलचा आकार लिहायला 32 बिटांचाच रकाना आहे, आणि त्यात 4,29,49,67,295 पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. जागा कितीही असो, वहीत आकडाच लिहिता येत नसेल तर फाइल घेता येत नाही. फॅट32 1996 साली आली, तेव्हा एवढ्या मोठ्या फाइलीची कोणाला चिंता नव्हती. पेनड्राइव्हवरचे सगळे आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि तो एक्सफॅट या मोठ्या फाइली घेणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा. जुन्या टीव्हीवर लावायचा असेल, तर तो टीव्ही एक्सफॅट वाचतो का, हे आधी पाहावे. नाहीतर चित्रीकरणाचेच दोन भाग करावेत.

प्रश्न : आंब्याच्या पेट्यांच्या 3,000 पावत्या, प्रत्येकी सुमारे 2 केबीच्या. एकूण 6 एमबी व्हायला हवे, पण पेनड्राइव्हवर 47 एमबी जातात. (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : क्लस्टर अर्धा देता येत नाही. आपल्या पेनड्राइव्हवर तो 16 केबीचा दिसतो. म्हणजे 2 केबीची पावतीही 16 केबी अडवते आणि उरलेले 14 केबी तिच्याच नावावर पडून राहतात. सगळ्या पावत्यांची एक झिप फाइल करून ठेवली की हा अपव्यय जवळजवळ संपतो.

प्रश्न : पावसाळ्यात वीज केव्हाही जाते. संगणक मध्येच बंद पडला की फाइली खराब होतात का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : होऊ शकतात, पण पूर्वीइतक्या नाही. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी4 या पद्धती नोंदवहीत बदल करण्याआधी तो बदल एका रोजनाम्यात टिपतात. वीज आल्यावर रोजनामा पाहून अर्धवट राहिलेली नोंद पुरी होते किंवा रद्द होते. त्यामुळे नोंदवही शाबूत राहते, पण आपण जतन न केलेला मजकूर त्यातून परत येत नाही. फॅट32 आणि एक्सफॅटला असा रोजनामाच नाही. म्हणून पेनड्राइव्हवर थेट काम करू नये, आणि तो ओढून काढण्याआधी ‘इजेक्ट’ करावा. पडद्यावर काम संपल्यासारखे दिसले तरी शेवटचे काही बाइट अजून संगणकाच्या मेमरीतच थांबलेले असू शकतात.