गोंड : नवे घडवणे हीच ज्याची पूजा

प्रश्न : माझी मुलगी ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकावरील खेळ खेळते. त्यात ‘गोंड’ नावाच्या कारागिरांच्या देवाचे भक्त आहेत आणि त्यांच्याकडून जुलमाने पोलादी पहारेकरी बनवून घेतले जातात. हा देव कोण? त्याचे भक्त नेमके काय करतात? तो आपल्या विश्वकर्म्यासारखाच आहे का? आणि ज्याच्या भक्तांच्या हातून अशी यंत्रे घडतात, त्या देवाला चांगले म्हणावे की वाईट?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून आणि एकेक पात्र वठवून खेळायचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पुढे या खेळात कॅनडाच्या एड ग्रीनवुड यांनी रचलेले ‘फरगॉटन रेल्म्स’ हे कल्पित जग आले आणि लोहार, सुतार, अभियंते व संशोधक यांचा देव असलेला गोंड त्याच जगातला आहे. आपल्या मुलीचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळही याच जगात घडतो. विदर्भातील गोंड समाजाशी किंवा त्यांच्या दैवतांशी त्याचा काहीही संबंध नाही. चार आरे असलेले दातेरी चक्र हे त्याचे चिन्ह असून विद्येचा देव ओघ्मा याच्या सेवेत त्याची गणना होते, मात्र तो बहुधा स्वतःच्याच मर्जीने वागतो.

आपला दुसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कल्पित देवांच्या गर्दीत गोंड वेगळा ठरतो तो त्याच्या भक्तांच्या आचारामुळे. या पंथात हेतूपेक्षा फळाला अधिक किंमत आहे. वस्तू नवी असावी, ती चालावी, उपयोगी पडावी आणि तिची घडणही सुबक असावी, अशी अपेक्षा असते. भक्ताने निदान एका कारागिरीत हात बसवावा, आपल्या प्रयोगांची टिपणे आणि नमुने जपून ठेवावेत, म्हणजे मागून येणाऱ्याला त्यांत सुधारणा करता येईल, आणि शेतकरी व शिकारी यांनाही आपली अवजारे अधिक चांगली करण्यास प्रवृत्त करावे, अशी शिकवण आहे. आपल्याकडे कित्येक घराण्यांतील हुन्नर वारसाबरोबर लुप्त झाला, हे आठवले की टिपणे ठेवण्याला धर्मकर्तव्याचे स्थान देणारी ही कल्पना मला फार आदरणीय वाटते.

पुजाऱ्यांचा समारंभाचा वेशही पाहण्यासारखा आहे. केशरी झगा, त्याला किरमिजी गळपट्टी, डोक्यावर भली मोठी उन्हाची टोपी आणि उजव्या खांद्यावरून घेतलेला चामड्याचा पट्टा. या पट्ट्यावर दातेरी चाके, कुलपे, आकडे आणि पोलाद, कथील व लाकूड यांचे तुकडे लावलेले असतात आणि अडीअडचणीला त्यांतलाच एखादा काढून वापरता येतो. एखादी नवी युक्ती सापडली की पुजाऱ्याने तिच्या किमान दोन प्रती तयार करायच्या असतात. एक प्रत चोरांच्या नजरेपासून लपवून ठेवायची आणि दुसरी निदान एका साक्षीदारासमोर मोडून किंवा जाळून देवाला अर्पण करायची. वसंतात ‘इप्पेनशायर’ नावाचा बारा दिवसांचा उत्सव असतो. देवाचा पहिला सेवक इप्पेन याच्या नावाने चालणाऱ्या या उत्सवासाठी भक्त देवळात किंवा कारखान्यात जमतात, खातात-पितात आणि वर्षभरात काय घडवले ते एकमेकांना दाखवतात.

या भक्तांची मूळ भूमी म्हणजे लांटान हे बेट. देवांना मर्त्य रूपात पृथ्वीवर वावरावे लागले त्या काळात, म्हणजे त्या जगाच्या कालगणनेनुसार १३५८ साली, गोंड एका बुटक्या ‘नोम’च्या रूपात या बेटाच्या किनाऱ्याला लागला. तेथील लोकांनी त्याला आसरा दिला आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्याने त्यांना बंदुकीच्या दारूसारख्या चूर्णाचे रहस्य सांगितले.

विश्वकर्म्याशी गोंडचे साम्य आहे, पण ते क्षेत्रापुरतेच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८१ व ८२ या सूक्तांतला विश्वकर्मा साऱ्या विश्वाचाच कर्ता आहे. ज्यातून द्यावापृथिवी, म्हणजे आकाश आणि पृथ्वी, तासून काढल्या ते लाकूड कोणते आणि तो वृक्ष कोणता, असा प्रश्न तेथे ऋषी सुताराच्या भाषेत विचारतो. आपल्याकडे विश्वकर्म्याला कुलदैवत मानणारे कारागीर परंपरेने आलेल्या विद्येबद्दल कृतज्ञता व्यक्त करतात आणि खंडेनवमीला करवत, हातोडा, छिन्नी यांची पूजा होते. वेरूळच्या दहाव्या लेण्याला ‘सुतार लेणे’ म्हणतात, ते याच भावनेतून. तेथे खडकात कोरलेल्या छताला लाकडी छपरासारख्या फासळ्या आहेत आणि तेथील आसनस्थ बुद्धमूर्तीला सुतार मंडळी विश्वकर्मा मानून पूजत आली. आपल्या परंपरेत हत्याराला एक दिवस विश्रांती देऊन त्याला हळदकुंकू वाहिले जाते. गोंडच्या भक्ताला विश्रांती नाही, कारण त्याच्या लेखी न थांबता काही नवे करणे हीच उपासना आहे.

आता चांगल्या-वाईटाविषयी. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांत गोंडला तटस्थ देव मानले आहे आणि माझ्या मते ते योग्यच आहे. वस्तू चालते की नाही, हे तो पाहतो; ती कोणाच्या हाती जाईल, हे विचारण्याची आज्ञा त्याच्या शिकवणीत ठळकपणे कोठेही येत नाही. आपल्या मुलीच्या खेळातील प्रसंग नेमका याच उणिवेवर उभा आहे. गॉर्टाश नावाचा सत्ताधीश गोंडच्या भक्तांच्या कुटुंबीयांना पाण्याखालच्या तुरुंगात ओलीस ठेवतो आणि त्यांच्या कसबाच्या जोरावर शहरावर पहारा देणारे पोलादी सैनिक उभे करतो. घडवणारे हात भक्ताचेच आहेत, पण त्या घडवण्यात त्याची इच्छा नाही. त्यामुळे त्या यंत्रांचा दोष मी भक्तांना देणार नाही आणि देवालाही पूर्णपणे देणार नाही, मात्र अशा प्रसंगी त्याच्या शिकवणीतून त्यांना काही आधार मिळत नाही, हे खरे आहे. ओलिसांची सुटका करायची की नाही, हे खेळात खेळणाऱ्यावर सोपवलेले आहे. आपल्या मुलीने कोणता निर्णय घेतला आणि का, हे तिला अवश्य विचारावे.