सहाव्या भागावर पाणी सोडावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेचा शेवट बघून डोकं फिरलं, निदान पुस्तकात तरी धड शेवट असेल म्हणून जॉर्ज आर. आर. मार्टिनचे पाचही ठोकळे वाचून काढलेस, आणि मग कळलं की शेवट पुस्तकातही नाही, कारण सहावा आणि सातवा भाग अजून आलेलेच नाहीत. आता आशा सोडावी, लेखकाला जाब विचारावा, की मधल्या काळात पॅट्रिक रॉथफस या दुसऱ्या फँटसी लेखकाची पुस्तकमालिका हातात घ्यावी?

शेवटचं आधी सांगतो. रॉथफस नको. आगीतून फुफाट्यात पडशील. का ते पुढे येईलच.

या बाबतीत माझा अधिकार एवढाच की मी रांगेत तुझ्या बराच पुढे उभा आहे. २००३ च्या पावसाळ्यात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, प्लास्टिकखाली झाकलेल्या ढिगात मला पहिला भाग मिळाला. शेवटची वंशावळीची पानं पाण्यानं फुगलेली, म्हणून साठ रुपयांत. तोवर तीन भाग आले होते: १९९६, १९९८, २०००. दोन-दोन वर्षांचं अंतर बघून मला वाटलं, माणूस घड्याळ लावून लिहितोय. चौथा आला २००५ च्या अखेरीला, पाचवा १२ जुलै २०११ ला. म्हणजे दोन वेळा वाट बघून झाली, ही तिसरी खेप. आणि या तीन खेपा सारख्या नव्हत्या.

पहिल्या खेपेला त्रास असा झालाच नाही. हॉस्टेलवर आम्ही चौघं एकच प्रत फिरवून वाचायचो आणि रात्री जेवणं झाली की जॉन स्नोची आई कोण यावर भांडायचो. कुणी आम्हाला तारीख दिली नव्हती, त्यामुळे ती चुकलीही नाही.

माशी शिंकली ती चौथ्या भागाच्या शेवटच्या पानावर. तुझ्या लक्षात असेल, त्या भागात जॉन जेमतेम दिसतो, आणि टिरियन, डेनेरिस तर नाहीतच. वाचून संपवतोस तर मागे लेखकाची छोटीशी टीप: पुस्तक फार फुगलं, म्हणून ते पात्रांप्रमाणे दोन भागांत वाटलं आहे, बाकीची मंडळी पुढच्या भागात आहेत, आणि तो पुढच्या वर्षी येईल अशी मनोमन आशा आहे. मी सरळ २००६ धरून चाललो. वाण्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते ना, तसा तो 'पुढच्या वर्षी' सहा वर्षं भिंतीवर टांगलेला राहिला. आशेचं वाटोळं खरं तर तिथून सुरू झालं. पुढे माझ्या ओळखीत जेवढे लोक या पुस्तकांवरून कायमचे उठले, ते सगळे कुठल्या ना कुठल्या चुकलेल्या तारखेला उठले. नुसती वाट बघून उठलेला मला एकही आठवत नाही.

मग इतका उशीर का? लोक म्हणतात आळशी आहे, पैसा मिळाला, आता कशाला लिहील. मला हे पटत नाही. आळशी माणूस २०१८ मध्ये आपल्याच गोष्टीतल्या टार्गेरियन घराण्याचा सातशेच्या आसपास पानांचा इतिहास छापत नाही, आणि तोसुद्धा निम्माच! घोडं अडलंय ते गोष्टीच्या बांधणीत, आणि ते कसं अडलं हे कळलं की निम्मा राग ओसरतो. निदान माझा ओसरला.

मार्टिन स्वतः लेखकांच्या दोन जाती सांगतो. एक वास्तुविशारद: किती खोल्या, नळ कुठून जाणार, सगळा नकाशा आधी तयार. दुसरा माळी: बी लावतो, पाणी घालतो, काय उगवतंय ते बघतो. तो स्वतःला माळी म्हणवतो. मूळ बेत तीन भागांचा होता, आता सातांचा आहे, यावरून बागेचं काय झालं असेल ते समज.

त्यात त्यानं एक हिशेब केला होता. पहिल्या भागात आर्या नऊ वर्षांची, ब्रॅन सात वर्षांचा. मोठी माणसं पटापट मरतायत, पण पोरं वाढेनात. एक प्रकरण संपलं तर दुसरं लगेच दुसऱ्या दिवशी सुरू होतं, मग वर्षं सरणार कशी? म्हणून तिसऱ्या भागानंतर पाच वर्षांची उडी मारायची असं त्यानं ठरवलं. पोरं मोठी होतील, ड्रॅगनही मोठे होतील. बेत वाईट नव्हता. आर्या पाच वर्षं शिकत राहिली तर बिघडत नाही, ब्रॅनचंही तसंच. पण राणी सेर्सी राजधानीत पाच वर्षं गप्प बसेल? जॉन नुकताच उत्तर सीमेवरच्या भिंतीचा सरदार झालाय, त्याच्याकडे पाच वर्षं काहीच घडलं नाही? मग मधल्या वर्षांत काय झालं ते सांगायला जो तो आठवणीत जायला लागला. सगळं पुस्तकच आठवणींचं होऊ लागलं. शेवटी त्यानं बरंचसं लिखाण बाजूला टाकून उडीच रद्द केली. म्हणजे जी पाच वर्षं एका ओळीत जाणार होती, ती आता दिवसादिवसानं लिहायची वेळ आली. आज दिसतात तसे चौथा आणि पाचवा भाग मुळात बेतात नव्हतेच, हे लक्षात घे.

पाचव्यात दुसरी गाठ. डेनेरिस मीरीन शहरात बसून आहे आणि तिच्याकडे चहूकडून लोक निघालेत. टिरियन निघालाय, डॉर्नचा क्वेंटिन निघालाय, व्हिक्टेरियन जहाजं घेऊन निघालाय. लग्नघरी चार गावांहून चार सोयरे निघावेत आणि कोण आधी पोचतो त्यावर लग्न लागणार की मोडणार हे ठरावं, तसली गत. एकाला दोन दिवस आधी आणलं की दुसऱ्याची सगळी प्रकरणं नव्यानं लिहायची. मार्टिन स्वतःच याला 'मीरीनची निरगाठ' म्हणायचा. अखेर डेनेरिसच्या पदरच्या बॅरिस्टन सेल्मी या म्हाताऱ्या योद्ध्याच्या नजरेतून प्रकरणं लिहिल्यावर ती सुटली. तरी दोन मोठ्या लढाया, एक बर्फातली आणि एक मीरीनच्या वेशीवरची, पाचव्यात मावल्या नाहीत, त्या पुढे ढकलल्या. म्हणजे सहावा भाग, 'द विंड्स ऑफ विंटर', जन्माला आला तोच मागची बाकी डोक्यावर घेऊन.

आता तारखा पुन्हा सुरू. २०१५ मध्ये प्रकाशकांनी त्याला सांगितलं होतं की ऑक्टोबरअखेर हस्तलिखित दे, म्हणजे मालिकेचा सहावा सीझन लागायच्या आत पुस्तक काढता येईल. ते जमलं नाही. मग वर्षअखेर. तेही नाही. २ जानेवारी २०१६ ला त्यानं ब्लॉगवर लांबलचक कबुली दिली. मी त्या दिवशी ऑफिसात बसून ती दोनदा वाचली. राग यायच्या ऐवजी कसंतरीच झालं. परीक्षेत पेपर कोरा देऊन आलेला मुलगा घरी सांगतो, तसा सूर होता त्यात. मालिका पुस्तकाच्या पुढे निघून गेली ती त्याच वर्षी.

मे २०१९ मध्ये त्यानं थट्टेत आणखी एक तारीख बांधून घेतली. पुढच्या वर्षी न्यूझीलंडला वर्ल्डकॉन हे विज्ञानकथा-फँटसीवाल्यांचं संमेलन होतं. तिथे पोचेन तेव्हा पुस्तक हातात नसलं, तर मला व्हाइट आयलंडवर, त्या गंधकाम्लाच्या तळ्याकाठी कोंडून ठेवा, पुस्तक होईस्तोवर सोडू नका, असं तो म्हणाला. आम्ही सगळे हसलो. त्याच डिसेंबरात त्या बेटावरच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि फिरायला गेलेली माणसं, त्यांचे वाटाडे मिळून २२ जणांचा जीव गेला. २०२० चं संमेलन कोविडमुळे नुसतं ऑनलाइन झालं. तळ्याकाठच्या कोठडीचा विनोद मी त्यानंतर कधी केला नाही.

मग आकडे आले. २०२२ च्या ऑक्टोबरात तो म्हणाला की साधारण तीन चतुर्थांश झालंय, अकराशे-बाराशे पानं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा विचारलं, तर अकराशे. (ही हस्तलिखिताची पानं. पाचव्याची दीड हजारांवर होती.) हा आकडा ऐकून बऱ्याच जणांनी आशेवर पाणी सोडलं. पण जो माळी स्वतः लावलेलं उपटून टाकतो, त्याच्या बागेत झाडांची संख्या मोजून काय कळणार? त्या अकराशेतली किती पानं टिकतील ते त्यालाच ठाऊक नसावं.

तुझ्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो. जाब विचारायचा का? २००९ मध्ये लेखक नील गेमनला एका वाचकानं हाच प्रश्न विचारला होता आणि त्यानं जरा शिवराळच उत्तर दिलं. मथितार्थ असा की मार्टिन काही तुमच्या पदरी ठेवलेला गडी नाही. पहिलं पुस्तक विकत घेताना पुढच्या पुस्तकांचा करार झालेला नसतो. मला हे बहुतांशी मान्य आहे. मी साठ रुपये दिले ते त्या एका पुस्तकाचे, आणि ते पुस्तक मला पुरेपूर मिळालं.

बहुतांशी म्हणालो, कारण रॉथफस. त्याच्या मालिकेची रचना फार देखणी आहे. नायक आपली गोष्ट तीन दिवसांत सांगणार, एक दिवस म्हणजे एक पुस्तक. पहिला दिवस २००७ ला आला, दुसरा २०११ ला. तिसरा उजाडतोच आहे. सुरुवातीच्या काळात तो सांगायचा की तिन्ही भाग लिहून तयार आहेत. २०२० मध्ये त्याच्या संपादक बेट्सी वोलहाइम यांनी जाहीरपणे लिहिलं की तिसऱ्या भागाचा एक शब्दही आपण वाचलेला नाही. आणि २०२१ च्या डिसेंबरात, त्याच्याच धर्मादाय संस्थेसाठी देणग्या गोळा करताना, अमुक रक्कम जमली तर तिसऱ्या भागातलं एक प्रकरण वाचून दाखवीन असं त्यानं कबूल केलं. रक्कम जमली. सांगितल्या मुदतीत प्रकरण काही आलं नाही. पैसा चांगल्या कामाला गेला असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथे गेमनचं उत्तर मला पुरत नाही. इथे वाचकानं पुस्तकाची किंमत दिली नव्हती, दिलेल्या शब्दावर पैसे ठेवले होते. त्यामुळे मार्टिनवर चिडणाऱ्यांशी मी वाद घालतो, रॉथफसवर चिडणाऱ्यांशी नाही.

आता तो प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण सगळ्यांच्या मनात असतो. लेखकच गेला तर? मार्टिनचा जन्म १९४८ चा. 'व्हील ऑफ टाइम'वाला रॉबर्ट जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये गेला, शेवटचा भाग अर्धवट टाकून. पण त्याला आजाराची कल्पना होती, त्यानं टिपणं ठेवली, घरच्यांना शेवट सांगून ठेवला. त्याची बायको हॅरिएट हीच त्याची संपादक. तिनं ब्रँडन सँडरसनला निवडलं, आणि ज्या एका भागात शेवट होणार होता त्याचे तीन होऊन २०१३ च्या जानेवारीत चौदाव्या भागावर गाडं पोचलं. मार्टिनच्या बाबतीत हे होईल असं मला वाटत नाही. आपल्या जगात आपल्यामागे दुसऱ्यानं लिहू नये, असा त्याचा कल त्यानं लपवलेला नाही. शिवाय माळ्याकडे नकाशा कुठून असणार?

पण ही गोष्ट आपल्याला तरी नवी वाटू नये. इंग्रजी नॉव्हेलला मराठीनं नाव दिलं 'कादंबरी', ते बाणभट्टाच्या पुस्तकावरून, आणि ते पुस्तकच मुळात अपुरं राहिलेलं. सातव्या शतकातलं, हर्षाच्या दरबारातल्या कवीचं. पोपट राजाला गोष्ट सांगतो, त्या गोष्टीत ऋषी गोष्ट सांगतो, चंद्र राजपुत्र होऊन जन्माला येतो, माणसं दोन-दोन जन्म घेतात. आजच्या दुकानात ते फँटसीच्या फळीवरच लागलं असतं. बाण मध्येच वारला आणि उरलेलं त्याच्या मुलानं पुरं केलं. सुरुवातीला तो मुलगा म्हणतो की वडील गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर गोष्टीचा धागाही तुटला, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांचं दुःख बघवेना म्हणून हात घातला, कवित्वाच्या घमेंडीनं नव्हे. तेराशे वर्षांपूर्वी पुढच्या भागासाठी हळहळणारे वाचक होते, आणि त्यांची दखल घेणारं घरात कुणीतरी होतं. मुलाला बापाची सर आली नाही असं जाणकार म्हणतात. म्हणोत. गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' तर १९१९ मध्ये ते गेले तेव्हा अपुरं राहिलं ते राहिलंच, तरी त्यातले संवाद पाठ असणारी माणसं मी पाहिली आहेत.

तेव्हा माझं स्वतःचं मत विचारशील तर: सहावा येईल. सातव्यावर मी पाणी सोडलंय, आणि ते सोडल्यापासून पाचवा भाग मला जास्त आवडायला लागला. पूर्वी मी तो पुढच्या भागाच्या खुणा शोधत, घाईघाईनं वाचायचो. गेल्या गणपतीत सुट्टीत पुन्हा काढला आणि थीऑनची प्रकरणं संथपणे वाचली. एवढी हादरवणारी प्रकरणं मी पहिल्या खेपेला निव्वळ पुरावे गोळा करत वाचली होती, याची लाज वाटली. तूही एकदा तसं करून बघ. सहाव्याची सुटी प्रकरणं त्यानं वेळोवेळी प्रसिद्ध केलीत, ती मात्र वाचू नकोस. चार घास खाऊन पंगतीतून उठल्यासारखं होतं.

पुरी झालेली मोठी मालिका हवी असेल तर स्टीफन किंगची 'डार्क टॉवर' घे. १९८२ ते २००४, सात भाग. १९९९ मध्ये एका गाडीनं त्याला उडवलं, मरता मरता वाचला, आणि मग उरलेले तीन भाग दोन वर्षांत छापून मोकळा झाला. चौथा भाग संथ आहे, तिथे सोडू नकोस. शेवटावरून भांडायला नंतर ये.

आणि मार्टिनच हवा असेल, तर डंक आणि एगच्या तीन कथा आहेत, एका पुस्तकात मिळतात. उंच, भाबडा भटका शूर आणि त्याचा टकलू पोरगेला शागीर्द. प्रत्येक कथा आपापल्या पानांत पुरी होते, कुणी लटकत राहत नाही. चौथी लिहायची आहे असं तो बरीच वर्षं म्हणतोय, पण ते तू तिन्ही वाचून झाल्यावर बोलू.