वाचकांचे प्रश्न : खलनायक नाही, तरी पुढचा भाग

प्रश्न : मी नागपुरात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. यंदा मे महिन्यात, भर दुपारी कूलरसमोर बसून, पुण्याहून आलेल्या नातीबरोबर ‘वी आर’ ही थाई मालिका पाहिली. विद्यापीठात शिकणारी मुले एकमेकांच्या प्रेमात पडतात, एवढेच तिचे कथानक आहे. मुलगा मुलाच्या प्रेमात पडतो याचे मला फारसे नवल वाटले नाही. नवल याचे वाटले की सोळा भागांत कोणी कारस्थान रचत नाही, कोणाची स्मृती जात नाही, कोणाची आई छातीवर हात ठेवून कोसळत नाही, आणि तरीही आम्ही रोज दोन-दोन भाग पाहत होतो. काहीच घडत नसताना मन धरून ठेवते ते काय? आणि थायलंडात सारे खरोखरच इतके सोपे असते का?

उत्तर : काहीच घडत नाही असे आपल्याला वाटले, यात दोष उपशीर्षकांचाही आहे. या मालिकांमध्ये जे घडते ते बरेचसे सर्वनामांत घडते, आणि इंग्रजी उपशीर्षकांत सगळ्यांना एकच ‘यू’ पुरतो.

थाई मुले जिवलग मित्रांशी बोलताना स्वतःला ‘कू’ आणि समोरच्याला ‘मुंग’ म्हणतात. हे शब्द इतके रांगडे आहेत की परक्या माणसासमोर उच्चारले तर तो अपमान ठरेल. आपल्याकडच्या वसतिगृहातल्या ‘काय बे’शी त्यांचे नाते जवळचे आहे. आता कल्पना करा, की तीन वर्षे ‘काय बे, चल’ म्हणणारा मित्र एके दिवशी खाली मान घालून ‘तुम्ही जेवलात का?’ असे विचारतो. आपण हसू, किंवा याला ताप तर आला नाही ना, असे पाहू. थाई मालिकेत मात्र नेमक्या याच ठिकाणी प्रेक्षक श्वास रोखतो, कारण ‘कू-मुंग’ सोडून मुलगा स्वतःसाठी सभ्य ‘फोम’वर आला आणि वाक्याच्या शेवटी आदराचे ‘ख्रप’ लावू लागला, की पुष्कळदा त्याने न बोलता कबुली दिलेली असते. मराठीत प्रेमाची वाट बहुधा उलटी जाते, ‘अहो’कडून ‘अरे’कडे. आपल्या पिढीतल्या किती जणींनी लग्नानंतर किती वर्षांनी नवऱ्याला पहिल्यांदा ‘अरे’ म्हटले असेल, हे आठवले तर त्या एका शब्दाचे वजन आपल्याला वेगळे सांगायला नको.

वयाचेही तसेच आहे. मोठ्याला ‘फी’ आणि धाकट्याला ‘नोंग’ ही खरे तर भावंडांची संबोधने आहेत, पण ती महाविद्यालयात, दुकानात, कुठेही चालतात. आपल्या नागपुरात अनोळखी माणसालाही ‘भाऊ’ म्हणतात, तशीच. 2016 मध्ये आलेल्या ‘सोटस’ या मालिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा कोंगफोब तिसऱ्या वर्षाच्या आथितला ‘फी आथित’ म्हणतो. आधी त्यात वरिष्ठाला दिलेला मान असतो, आडून दिलेले आव्हानही असते, आणि प्रेम जमल्यावरही शब्द तोच राहतो, फक्त आवाज बदलतो. मराठी भाषांतरकाराची इथे पंचाईत होईल. प्रियकराला ‘दादा’ म्हणायला लावले तर आपल्या घरात हशा पिकेल आणि तो शब्द गाळला तर प्रसंगातला जीव जाईल.

अशा मालिकांत बाहेरचा अडथळा जाणूनबुजून काढून टाकलेला असतो. 2020 मधली ‘टुगेदर’ पाहा : नको असलेल्या एका चाहत्याला टाळण्यासाठी टाइन हा सारावतला आपला प्रियकर असल्याचे नाटक करायला सांगतो. शेवट काय होणार हे पहिल्याच भागात कळते, त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष ‘काय’वरून ‘कसे’वर येते आणि खोट्या नाटकात खरा शब्द कोण आधी उच्चारतो याची उत्सुकता लागते. ‘वी आर’मध्ये तर एका मित्रमंडळात चार जोड्या आहेत, एकीकडे संथपणा आला की कथा दुसरीकडे वळते, आणि सगळी मंडळी एका टेबलाभोवती जेवायला बसली की कोण कोणाच्या ताटात काय वाढतो एवढ्यावर एक प्रसंग निघतो. मला स्वतःला चारपैकी दोन जोड्या पुरल्या असत्या.

आता दुसरा प्रश्न. नाही, इतके सोपे नसते. या प्रकाराला तिथे ‘वाय’ म्हणतात. हे अक्षर पुरुषांमधील प्रेमकथांना असलेल्या ‘याओई’ या जपानी नावावरून आले. त्यातल्या पुष्कळशा मालिका ज्या कादंबऱ्यांवरून घेतल्या जातात, त्यांच्या लेखिका आणि वाचक प्रामुख्याने स्त्रिया असतात. त्यामुळे यातले विद्यापीठ हे बऱ्याच अंशी मनातले विद्यापीठ आहे. ज्या काळात पडद्यावर घरचे लोक मुलाच्या मित्राला हसतमुखाने जेवू घालत होते, त्या काळात त्या दोघांना कायद्याने लग्न करता येत नव्हते. थायलंडचा विवाह समानतेचा कायदा 23 जानेवारी 2025 रोजी लागू झाला, म्हणजे ‘वी आर’ 2024 मध्ये प्रसारित झाल्यानंतर. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मान्य झाला नाही.

प्रश्न : (त्याच पत्राच्या तळाशी, बहुधा नातीच्या हस्ताक्षरात) आजीसाठी पुढे कोणती मालिका लावू?

उत्तर : ‘बॅड बडी’ लावा. तिच्यात शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांचे जुने वैर आहे, त्यामुळे आजींना अगदीच सुनेसुने वाटणार नाही. एक मुलगा अभियांत्रिकीचा आणि दुसरा वास्तुकलेचा (आर्किटेक्चरचा) असल्याने दोन्ही विभागांतली हाणामारीही आहे. फक्त आवाज मूळ थाईच ठेवा, कारण डब केलेल्या आवृत्तीत ‘ख्रप’ ऐकू येणार नाही.