2002 ची मॉडिफाय केलेली होंडा सिटी व्हीटेक एजंटशिवाय विकायची आहे. पार्ट काढून विकू की आहे तशी? किंमत किती सांगू?

पार्ट काढू नका. आहे तशी विका, आणि कंपनीचे मूळ पार्ट ठेवले असतील तर तेही सोबत द्या.

माझी 2001 ची व्हीटेक होती, नऊ वर्षं. 106 हॉर्सपॉवरच्या त्या इंजिनाला मी हात लावला नाही. सायलेन्सर, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), स्प्रिंगा, अलॉय एवढंच केलं, तेही कोल्हापुरात उद्यमनगरात मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून. 2019 मध्ये विकायची ठरली तेव्हा आमच्या भावोजींनी जेवता जेवता निकाल दिला, "अलॉय वेगळी काढ, सायलेन्सर भंगारात घाल, गाडी एजंटला दे. असल्या गाडीला कुत्रं विचारत नाही." नेली एजंटकडे. त्यानं बॉनेटही न उघडता सत्तर हजार सांगितले, वर म्हणाला, "गाडीशी खेळलाय तुम्ही." जिचं ऑइल मी एकदाही चुकवलं नाही, तिच्याबद्दल हे ऐकून मी किल्ली उचलली आणि घरी आलो.

तीन आठवड्यांनी कागलचा एक पोरगा वडिलांना घेऊन आला. आल्याआल्या त्यानं बॉनेटवर पालथा हात ठेवला. मी इंजिन आधीच तापवून ठेवलंय का ते बघत होता. तिथंच कळलं, गिऱ्हाईक खरं आहे. मग डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीच्या खळग्यात गंज बघितला, चाकांवरच्या कमानी आतून बोटांनी चाचपल्या. मागच्या डाव्या दाराला रंग मारलाय, एसीचा कॉम्प्रेसर बदललाय, स्पीडब्रेकरवर तिरकी घ्यावी लागते, हे मीच सांगून टाकलं. वडील गप्प होते. शेवटी म्हणाले, "पासिंगला काय करायचं?"

मी माळ्यावरून खोकं उतरवलं. मूळ स्प्रिंगा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी. सायलेन्सर गोणपाटात बांधलेला. सौदा त्या खोक्यावर झाला. 15 वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं होतं. त्यामुळे मूळ पार्ट नसलेली गाडी घेणारा माणूस डोकेदुखी विकत घेतो.

1,65,000 ला दिली. पार्टांवर घातलेले 90 हजार परत आले नाहीत, हे भावोजी अजून दर दिवाळीला काढतात. नाहीत आले, मान्य. पण एजंटच्या सत्तरवर 95 हजार जास्त मिळाले, ते कशाचे? नऊ वर्षांच्या बिलांच्या फायलीचे, खोक्याचे, आणि खरं बोलण्याचे. मॉडिफाय गाडीला भाव नाही हे त्यांचं म्हणणं चूक आहे. अर्धवट केलेल्या गाडीला भाव नाही.

आता कागदांचं. आधीची मारुती झेन मी एका एजंटला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिली होती. अकरा महिन्यांनी पोलिसांचा फोन आला, गाडीनं कुणाला तरी ठोकलं होतं आणि नाव माझंच होतं. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरल्याशिवाय सही करू नका, आणि 14 दिवसांच्या आत आरटीओला स्वतः कळवा. गाडी ताब्यात देताना तारीख आणि वेळ घालून पावतीवर घेणाऱ्याची सही घ्या. कागलच्या पोराबरोबर मी आरटीओत स्वतः गेलो होतो.

किंमत गाडी बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. तुमच्या गावाकडच्या चांगल्या स्टॉक, म्हणजे काही न बदललेल्या, व्हीटेकचा भाव काढा, त्याच्या थोडं वर सांगा, पार्टांचा खर्च त्यात मिळवू नका.

हे सगळं इंजिन मूळचंच असेल तर. बदललेलं असेल आणि नंबर आरसीशी जुळत नसेल, तर आधी त्याची आरटीओत नोंद करून घ्या, गाडी विकायला नंतर काढा. बँकेचा बोजा आरसीवर राहिला असेल तर तोही आधी उतरवा.