एल अँड टीतले लार्सन कोणत्या घराण्याचे?

प्रश्न : माझी सगळी नोकरी पवईला एल अँड टीत झाली. मुलगी आता कोपनहेगनला आहे. तिच्या ऑफिसात तीन लार्सन आहेत, पण एकाचंही दुसऱ्याशी नातं नाही म्हणे! मग आमचे लार्सनसाहेब कोणत्या घराण्याचे? – एक निवृत्त वाचक, ठाणे

उत्तर : आडनावावरून घराणं शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. लार्सन म्हणजे लार्सचा मुलगा, बस्स. लार्स हे लॉरेन्शियसचं रूप. इ.स. 258मध्ये रोमला हुतात्मा झालेले संत लॉरेन्स ते हेच. लुंड शहर पूर्वी डेन्मार्कात होतं, तिथलं मोठं कॅथेड्रल त्यांच्याच नावाचं. तेव्हा गावोगावी लार्स असणारच.

आपण वडिलांचं नाव मधे लावतो, ते लोक शेवटी लावत. लार्सचा मुलगा पेडर लार्सन, पेडरचा मुलगा येन्स पेडरसन. मुलगी असली तर लार्सडॅटर. म्हणजे दर पिढीला आडनाव नवं. 1828 साली डेन्मार्कच्या सरकारने फर्मान काढलं, की बाप्तिस्म्यालाच मुलाला कायमचं आडनाव द्या. खेड्यांनी ते बरीच वर्षं मनावर घेतलं नाही. पण शेवटी ज्या पिढीत गाडी थांबली, त्या पिढीचा बाप पुढच्या सगळ्यांना चिकटला. मुलीसुद्धा ‘लार्सचा मुलगा’ झाल्या, त्याचं तिथे कोणाला काही वाटत नाही!

आजही डेन्मार्कातल्या पहिल्या दहा आडनावांत लार्सन आहे. नॉर्वेतही उदंड. अंटार्क्टिकातला लार्सन हिमस्तर कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन व्हेलशिकाऱ्याच्या नावाचा; दक्षिण अटलांटिकातल्या साउथ जॉर्जिया बेटावरचं ग्रीटविकेन हे व्हेलशिकारीचं ठाणं त्यानेच 1904मध्ये वसवलं. बुद्धिबळवाल्यांना डेन्मार्कचे बेंट लार्सन आठवतील. 1971मध्ये फिशरने त्यांना 6-0 असं धुतलं, आणि दुर्दैवाने लोकांना तेवढंच आठवतं.

तुमचे साहेब हेनिंग होल्क-लार्सन. जन्म 1907, कोपनहेगन. 1938मध्ये सोरेन टुब्रोंबरोबर त्यांनी मुंबईत कंपनी काढली. 1976चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, 2003मध्ये मुंबईतच ते गेले. त्यांच्या नावातलं ‘होल्क’ बघा. लार्सन, येन्सन, हान्सन यांची इतकी गर्दी, की पुष्कळ डॅनिश माणसं ओळखू यावं म्हणून असं आणखी एक नाव जोडून घेतात.

लेकीला ऑफिसात अडचण येत नसणार. तिथे साहेबालाही पहिल्या नावानेच हाक मारतात.