‘वाचता येतं का?’ असं विचारू नका, वाचायला द्या

प्रश्न : साक्षरतेचा आकडा जनगणनेतून मिळतोच. मग प्रौढांची वेगळी, खर्चिक कौशल्य-चाचणी कशाला?

जनगणनेत बहुधा घरातला एकजण सगळ्यांच्या वतीने ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो. आता एखाद्याच्या हातात औषधाची डबी द्या आणि विचारा, ‘हे औषध जास्तीत जास्त किती दिवस घ्यायचं?’ डबीवर गोळ्यांची संख्या, तासांचं अंतर, वयाची अट आणि दिवस असे चार आकडे आहेत. अक्षरन् अक्षर वाचून दाखवणारा माणूसही कधी कधी पहिल्याच आकड्यावर बोट ठेवतो. कागदोपत्री तो साक्षर आहे, म्हणून कोणत्याही योजनेत तो बसत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या ‘पिआक’ या प्रौढ-कौशल्य सर्वेक्षणात १६ ते ६५ वयाच्या लोकांकडून अशीच कामं प्रत्यक्ष करून घेतात. २०२२-२३ च्या फेरीत ३१ देश-प्रदेश होते. शालेय शिक्षण सक्तीचं असलेल्या या देशांतही सरासरी २६ टक्के प्रौढ वाचनात पहिल्या पातळीवर, म्हणजे छोटा, सोपा मजकूरच समजण्यापुरते, किंवा तिच्याही खाली निघाले.

प्रश्न : सरासरी गुण वाढले, तर धोरण यशस्वी म्हणायचं का?

एवढ्यावरून नाही. आधीच चांगलं वाचणारे आणखी पुढे गेले, तरी सरासरी वाढते. तळातल्यांचं काय झालं ते वेगळं पाहा. शिवाय दहा वर्षांत कमी शिकलेले वयस्क सर्वेक्षणाच्या वयोगटातून बाहेर पडतात आणि जास्त शिकलेले तरुण आत येतात. कोणी काहीही न करता आकडा सुधारतो! म्हणून २०१२ मध्ये २५ ते ३४ वर्षांचे असलेले लोक २०२२ मध्ये, म्हणजे ३५ ते ४४ व्या वर्षी, कुठे आहेत, अशी तुलना करा.

प्रश्न : या गुणांवरून प्रत्येकाला प्रमाणपत्र देता येईल का?

कृपया देऊ नका. अशा सर्वेक्षणात प्रत्येकाला मोजकेच प्रश्न मिळतात, आणि गुणांचा अंदाज गटासाठी काढलेला असतो.

प्रश्न : मी प्रौढशिक्षण वर्गांचं नियोजन करते. अशा चाचणीचे निष्कर्ष हाती आलेत, आता वर्गात काय बदलू?

आधी ‘खालची पातळी’ हा गठ्ठा सोडा. त्यात किमान तीन तऱ्हेची माणसं असतात : शब्दच न उलगडणारी, शब्द येतात पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरणारी, आणि परिच्छेद सरळ वाचूनही हवी ती माहिती न सापडणारी. पहिल्यांना अक्षरओळख हवी, दुसऱ्यांना रोजचा भरपूर सराव. तिसऱ्यांना मात्र फॉर्म, वेळापत्रक, पगारपत्रक असे कागद हाती घेऊन शिकवावं लागतं. तिघांना अक्षरओळखीचं एकच पुस्तक दिलंत, तर तिसरा गट आठवड्याभरात वर्ग सोडेल, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग चाचणीसोबतची प्रश्नावली उघडा. कामावर काही वाचावं लागतं का, हे त्यात विचारलेलं असतं. ज्यांना कधीच लागत नाही, त्यांचं शिकलेलं गंजतं. त्यांच्यासाठी वर्ग संपल्यावरही वाचायला काहीतरी हातात राहील, याची तरतूद खर्चाच्या पहिल्याच मसुद्यात धरा. शाळा अर्धवट सोडलेल्या तरुणांसाठी तर ‘साक्षरता वर्ग’ ही पाटीच काढा. त्या पाटीखालून आत जायला त्यांना लाज वाटते. वायरमनच्या प्रशिक्षणातच जोडणीच्या सूचना वाचायचा तास ठेवला, तर ते येऊन बसतात.